आडवे अक्काचे, उभे माझे

मैंदर्गी
११ डिसेंबर २०२३

चि. सिद्धूस,

गौराक्काचा आशीर्वाद आणि सोबत एक कात्रण. आधी कात्रण वाच, मग पत्र.

वाचलंस? सोलापुरात वाचनालयाच्या सभागृहात गूढ शब्दकोड्याची स्पर्धा आहे. ४ फेब्रुवारी, रविवार. दोघादोघांची जोडी, एक कोडं, पंचेचाळीस मिनिटं. तू आणि मी. नाही म्हणायची सोय ठेवलेली नाही, कारण गिरणीवाल्या रुद्रप्पाकडून मी दोघींची नावं कळवून मोकळी झाले आहे.

आता तू म्हणशील, एकाहत्तराव्या वर्षी म्हातारीला हे काय सुचलं. आपण चाळीस वर्षं कोडी सोडवतोय, पण टपालानं. मी आडवे शब्द भरायचे, कात्रण तुला धाडायचं, तू उभे भरून परत पाठवायचं. एक कोडं पुरं व्हायला पंधरवडा जातो. घड्याळ पुढ्यात ठेवून आपण एकही सोडवलेलं नाही. माझी अशी काही हौस राहिली होती असं समजू नकोस. मला स्वतःला तपासून बघायचं आहे.

दिवाळीपासून मला शब्द चटकन येत नाहीत. वस्तू डोळ्यांपुढं असते, तिचं नाव येत नाही. परवा दुकानात गेले. ते पीठ चाळायचं, गोल, भोकाभोकांचं, ते हवं होतं. हातानं हलवून दाखवलं तेव्हा दुकानदाराला कळलं. घरी येऊन तासभर बसले तेव्हा ‘चाळणी’ आली. इथल्या डॉक्टरला सांगितलं तर त्यानं पाटीवर ‘वय’ एवढं लिहिलं आणि पाटी माझ्या हातात दिली.

तुझं वय झालं तर तुला काही होणार नाही, सिद्धू. तुला ऐकू येतं. माझे कान तापात गेले त्याला एकवीस वर्षं झाली. फोन माझ्या कामाचा नाही, मोबाईलवरची अक्षरं डोळ्यांपुढं पळतात. मूलबाळ नाही, हे जाऊन सहा वर्षं झाली. कुणी समोर येऊन बसलं तरी मला पाटी पुढं करावी लागते. माझ्याकडे जे काही येतं ते लिहूनच येतं, आणि मराठीत येतं, कारण तेवढंच मला वाचता येतं. शब्द गेले तर मी भिंतीसारखी बसून राहीन. मला त्याची भीती वाटते.

म्हणून घड्याळापुढं बसायचं आहे. शब्द आले तर मी हा विषय पुन्हा काढणार नाही. नाही आले तर तू मला खरं सांगायचं. गोड बोलून वेळ मारून न्यायची तुझी खोड मला लहानपणापासून ठाऊक आहे. या वेळी ती चालणार नाही. वचन दे.

तुझी
गौराक्का


भवानी पेठ, सोलापूर
१८ डिसेंबर २०२३

ती. गौराक्कास,

शरणार्थ. वचन दिलं. आता शांत हो.

पत्र दुकानात आलं. मी गिऱ्हाईकाला चादरी दाखवत होते, अमृतनी मागून वाचून घेतलं आणि म्हणाले, ‘तुम्ही दोघी स्टेजवर? सोलापूरचं काही खरं नाही.’ त्यांच्या बोलण्याकडे लक्ष देऊ नकोस. कपबशी कुठं ठेवली हे त्यांना रोज मला विचारावं लागतं. मी परवा चष्मा फ्रिजमध्ये ठेवला होता. चाळणीचं काय घेऊन बसलीस!

पण तयारी करू या. नेम चाळीस वर्षांचाच ठेवू. आडवे तुझे, उभे माझे. एकीनं दुसरीच्या शब्दाला हात लावायचा नाही. दोघींचं एका घरात जुळलं नाही तर जिची खात्री कमी तिनं आपलं खोडायचं. आजवर बहुतेक वेळा मीच खोडत आले आहे, आणि बहुतेक वेळा तूच बरोबर निघाली आहेस. त्यामुळे मला काही नवीन शिकायचं नाही.

सोबत मी रचलेलं एक कोडं आहे. सरावासाठी या वेळी आडवे उभे दोन्ही तूच सोडव. रुद्रप्पाअण्णांना मोबाईलवर वेळ लावायला सांग. त्यातल्या दोन ओळी मला फार आवडल्या आहेत, म्हणून इथंही लिहिते. एक, ‘आम्हाला डूल हवेत, त्यात गोड काय?’ दोन घरं. दुसरी, ‘दीन उलटला आणि वाहू लागला.’ दोन घरं. बघ कशा जमल्यात. किती मिनिटं लागली ते खरं कळव. वचन तूही पाळ.

सभागृहात दर पंधरा मिनिटांनी घंटा देतात म्हणे. तुला ऐकू येणार नाही, मी कोपराला हात लावीन.

तुझी
सिद्धू


मैंदर्गी
२ जानेवारी २०२४

चि. सिद्धूस,

आशीर्वाद. कोडं सोडवून पाठवलं आहे. अडतीस मिनिटं. रुद्रप्पानं वेळ लावली होती. सात मिनिटं हातात राहिली आणि तुला मी भिंतीसारखी बसेन म्हणून घाबरवलं याची मला लाज वाटली.

‘आम्हाला डूल’च्या पोटात लाडू लपवलास, ते झकास. दीन उलटा वाचला की नदी, हे त्याहून बरं. पण तुझं उभं सतरावं ढिसाळ आहे. गूढ कोड्यातल्या ओळीच्या एका टोकाला अर्थ असावा, दुसऱ्या टोकाला तो शब्द जुळवायची युक्ती, आणि मधे एक अक्षर फुकट असू नये. तू मधे चार शब्द फुकट घातलेस. अकलूजच्या मावशीकडे लाडात वाढलीस त्याचा परिणाम.

कोड्याच्या नादात चुलीवर हालु ठेवलं होतं ते सगळं उतू गेलं. घरभर करपल्याचा वास. तेवढं सोडलं तर सगळं ठीक.

एसटीनं शनिवारीच येते. तुझ्याकडे मुक्काम करीन. शेंगाची चटणी आणते, तुमच्या पेठेतली मला तिखट लागत नाही.

तुझी
गौराक्का


मैंदर्गी
५ जानेवारी २०२४

सौ. सिद्धेश्वरीताईंना रुद्रप्पाचा नमस्कार.

ताई, मला लिहायची सवय न्हाय, चूकभूल पोटात घाला. फोन केला असता, पण दुकानात तुमचे मालक उचलत्यात आणि ही गोष्ट तुमच्यापुरतीच हाय.

अक्कांनी अडतीस मिनिटं कळवलंय ते खरं न्हाय. पहिल्या दिवशी म्या वेळ लावली. पंचेचाळीस मिनिटं झाली तवा सहा घरं भरली होती. अक्का म्हणाल्या, रुद्रप्पा तू जा, गिरणीवर लोकं थांबली असतील. मग कोडं तीन दिस चाललं. रोज सकाळी अंगणात घेऊन बसायच्या. चौथ्या दिशी मला दाखवलं आणि म्हणाल्या, अडतीस मिनिटं. म्या व्हय म्हणालो. दुसरं काय म्हणू? डोळ्यात पाणी होतं की.

अजून एक. अक्का माझ्याशी आदी मराठीत बोलायच्या, माझं कानडी हाय तरी. कोड्याची सवय ऱ्हावी म्हणून मराठीच बोल, असं मलाच सांगायच्या. आता बोलता बोलता कानडीत शिरत्यात आणि त्यांना कळत बी न्हाय. मी पाटीवर मराठीत लिहिलं तर लई वेळ बघत बसत्यात.

तुमी काय ते बघा. मी सांगितलं म्हणून सांगू नका.

आपला
रुद्रप्पा


भवानी पेठ, सोलापूर
१२ जानेवारी २०२४

ती. गौराक्कास,

शरणार्थ. अडतीस मिनिटं! मी अमृतना कोडं दाखवलं, ते म्हणाले, आता मला हार आणायला लागणार. तू नुसती ये. बाकी सगळं मी बघते.

उभं सतरावं ढिसाळ होतं हे मान्य. पण अकलूजवर घसरू नकोस. आई गेल्यावर मावशीनं मला नेलं नसतं तर तुला दोघींचं करावं लागलं असतं. पंधरा वर्षांची होतीस तू.

तुझ्या पत्रात ‘हालु’ वाचून मजा वाटली. दूध म्हणायचं सोडून म्हातारपणी एकदम कानडी! मला आई आठवली. पितळी पेला पुढं करून ‘हालु कुडी’ म्हणायची, दूध पी. माझी कानडी सहाव्या वर्षी तिथंच थांबली. पुढं शाळा मराठी, मावशीचं घर मराठी, हे अकलूजकडचे, तेही मराठी. तू तरी बोलत राहिलीस.

इथं गड्ड्याच्या जत्रेची गर्दी सुरू झाली आहे. दुकानात उभं राहायला जागा नाही. त्यामुळे थोडक्यात आवरते. हे कोडं वगैरे फार मनावर घेऊ नकोस. खेळ आहे तो. अंथरूण तुझ्यासाठी खिडकीजवळ घालते.

तुझी
सिद्धू


भवानी पेठ, सोलापूर
७ फेब्रुवारी २०२४

ती. गौराक्कास,

शरणार्थ. एसटीत बसवल्यापासून तू मागं वळून बघितलं नाहीस, म्हणून लिहायला बसले. नीट पोचलीस ना?

निकालाचं तुला पाटीवर लिहून दाखवलं होतं, पण त्या गर्दीत तुझं लक्ष नव्हतं. एकवीस जोड्यांत आपण एकोणिसाव्या आलो. चूक माझी झाली. माझे उभे सात शब्द चुकले. ती घंटा झाली की आलेला शब्द परत जायचा. तू बघितलंसच, किती वेळा मी आपलं लिहिलेलं खोडत होते. माझे शब्द चुकल्यामुळे तुझी आडव्यांची घरंही बिघडली असं परीक्षकांनी धरलं असणार. तो त्यांचा नियम मला पटला नाही, पण भांडणार कुणाशी?

तू विचारलं होतंस, म्हणून सांगते. तुझे शब्द येत होते. तुझा हात कुठं थांबला नाही. माझ्यापेक्षा तू पुढं होतीस. त्यामुळे ती चाळणी आता डोक्यातून काढून टाक.

शेजारच्या टेबलावरचा तो चष्मेवाला मुलगा आणि त्याची बायको पहिले आले. त्यांचं एकतिसाव्या मिनिटाला झालं होतं. तरुण आहेत.

चटणी सगळ्यांना आवडली. बरणी परत पाठवते.

तुझी
सिद्धू


मैंदर्गी
२६ फेब्रुवारी २०२४

सिद्धेश्वरी,

आज आशीर्वाद लिहीत नाही.

वाचनालयानं सहभागाचं प्रमाणपत्र धाडलं. त्याच पाकिटात आपल्या तपासलेल्या कोड्याची झेरॉक्स आणि बरोबर उत्तरांचा कागद होता. नाव माझ्या पत्त्यावर दिलं होतं, हे तू विसरलीस.

मी दोन्ही कागद शेजारी ठेवून बसले. पाच दिवस लागले. लागले तर लागले, मला इथं कोण घंटा देतंय.

आडवं चौथं. ‘मी आणि अर्धा ठसा, नसला तर जेवण अळणी.’ उत्तराच्या कागदावर ‘मीठ’. माझ्या अक्षरात ‘उप्पु’. मी ते पुन्हा पुन्हा वाचलं आणि मला ते बरोबरच वाटत होतं. उप्पु नसेल तर जेवण अळणीच की. मग त्यांनी लाल शाई कशाला मारली? मी रुद्रप्पाला बोलावलं. त्यानं पाटीवर लिहिलं, ‘अक्का, हे कानडी हाय.’ 

मग सगळे बघितले. दूध होतं तिथं हालु. नदी होती तिथं होळे. तुझ्याच कोड्यात डिसेंबरात मी नदी लिहिली होती! असे सात. अर्थ सातही बरोबर. शब्द एकही नाही.

हे झालं माझं. आता तुझं बघ. उभं पाचवं. तू ‘ठसका’ लिहिलं होतंस, उत्तर ‘ठसका’च आहे, आणि त्यावर तुझी काट मारलेली आहे. त्या घरात माझा ‘प्पु’ ठेवून तू खाली ‘सका’ तेवढं राहू दिलंस. मला ते आठवतंय. तुझा ठ बघून मी थांबले होते, तुझ्याकडे बघितलं होतं, खात्री आहे का म्हणून. तू मान हलवलीस, नाही म्हणून, आणि खोडलंस. सात वेळा खोडलंस. सातही वेळा तू बरोबर होतीस.

जिची खात्री कमी तिनं खोडायचं, असा आपला नेम होता. तू खात्री असताना खोडलंस. आणि वर घरी जाऊन लिहिलंस, चूक माझी.

मी तुला एकच गोष्ट मागितली होती. माझी दया कर असं कधी म्हटलं नव्हतं. खरं सांग म्हटलं होतं. मी घरी येऊन दोन आठवडे मजेत होते. गुलबक्षीची रोपं लावली. शब्द अडला की म्हणत होते, सिद्धूनं सांगितलंय, काही झालेलं नाही. ते दोन आठवडे मला आता आठवले की अंगावर काटा येतो.

हे पत्र तीन दिवस लिहिते आहे. अडलेला शब्द रुद्रप्पाला कानडीत सांगते, तो मराठी लिहून देतो, ते मी इथं उतरवते. म्हणजे हे पत्र तरी माझं म्हणायचं का, ते तू ठरव.

आता खरं लिही. सगळं.

गौरम्मा


भवानी पेठ, सोलापूर
४ मार्च २०२४

ती. गौराक्कास,

शरणार्थ. माझी चूक झाली. तू मारलं असतंस तर बरं झालं असतं.

सगळं लिहिते. अडतीस मिनिटं खोटी होती हे मला जानेवारीतच कळलं होतं. कसं ते विचारू नकोस. तुझं हालु वाचून मी आईची आठवण काढत बसले, तेव्हाच समजायला हवं होतं. समजलं नाही, किंवा समजून घ्यायचं नव्हतं. मला वाटलं, तू प्रवासाला घाबरशील, येणार नाहीस, म्हणून गप्प राहिले. खरं म्हणजे मीच घाबरले होते.

पहिली पंधरा मिनिटं बरी गेली. पहिली घंटा झाली, तुझ्या कोपराला हात लावला, तू हसलीस. मग तू उप्पु लिहिलंस. मला आधी वाटलं, चुकून लिहिलं, आता खोडेल. तू पुढं गेलीस. हालु लिहिलंस. भराभर लिहीत होतीस, अक्का, चेहऱ्यावर इतका आनंद होता, एवढ्या वेगानं शब्द येताना मी तुला वर्षभरात बघितलं नव्हतं. मग मी तुझ्या ‘प्पु’च्या घरातून खाली ‘ठसका’ लिहिलं, तू माझ्या ‘ठ’पाशी थांबलीस आणि माझ्याकडे बघितलंस. समोर पाटी होती. मी पाटीवर ‘हे कानडी आहे’ असं तीन शब्दांत लिहू शकले असते. एकवीस जोड्या बसल्या होत्या, परीक्षक टेबलांमधून फिरत होता, भिंतीवर घड्याळाचा काटा पळत होता. माझा हातच चालला नाही. मी मान हलवली आणि आपलं खोडलं. एकदा खोडल्यावर पुढचे सहा खोडायला काही वाटलं नाही. शेवटी शेवटी तर मी तुझ्या हातातल्या पेनाकडेच बघत बसले होते. वेळ संपली तेव्हा माझे चार शब्द लिहायचे राहिले होते, आणि मला ते येत होते.

त्या कोड्याचा मी मोबाईलवर फोटो काढून घेतला होता. तो घेऊन दुसऱ्या दिवशी, तुला एसटीत बसवून, इथल्या मेंदूच्या डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले, पेशंटला बघितल्याशिवाय काही सांगणार नाही. मी हट्ट धरला तेव्हा म्हणाले, काहींच्या बाबतीत मागाहून शिकलेली भाषा आधी सुटत जाते, आईची भाषा जास्त दिवस टिकते. किती दिवस, ते त्यांनाही सांगता येत नाही. थांबवता येतं का, विचारलं. म्हणाले, गोळ्यांनी थोडं सावकाश होईल, बघू. १४ मार्चची वेळ घेतली आहे. मी स्वतः न्यायला येते. नाही म्हणू नकोस.

हे ऐकून मी दुकानात येऊन बसले आणि विचार केला, तुला इथं घेऊन येऊ. मग लक्षात आलं, आणून करणार काय? तू माझ्यासमोर बसशील, तुला कानडी उरेल आणि मला ती येत नाही. येत असती तरी तुला ऐकू येत नाही. कानडी अक्षरं तुलाही येत नाहीत, मलाही नाहीत. तू म्हणतेस ती भिंत मला त्या दिवशी दिसली. अमृत म्हणाले, काहीतरी निघेल मार्ग. मी त्यांच्यावर उगाच ओरडले.

मग काल एक सुचलं. कानडी शब्द आपल्याच अक्षरात लिहायचे. तू उप्पु तसंच तर लिहिलंस. म्हणून मी एका वहीत मला येणारी कानडी लिहून काढली. एक पान सुद्धा भरलं नाही. ये, जा, पाणी, दूध, झोप, जेवण, आई, भीती. सहा वर्षांच्या पोरीला लागतं तेवढंच आहे माझ्याकडे. तुला प्रमाणपत्र आलं, गुलबक्षी फुलली, सोसायटीची निवडणूक झाली, असं काही मला त्यात सांगता येणार नाही. आणि माझी चूक झाली, हेही सांगता येणार नाही. ते शब्दच माझ्याकडे नाहीत. म्हणून ते आज मराठीत सांगते, तुला कळतंय तोवर. अक्का, माझी चूक झाली.

आणि खाली माझी कानडी. हसू नकोस.

अक्का, ऊटा आतेनु? अळब्याड.

(जेवलीस का? रडू नको.)

तुझी
सिद्धू


मैंदर्गी

सिद्धू,

ऊटा आतु.
ननग इन्ना ओदाक बर्तैती.
लगून बरी.

गौरक्का


भवानी पेठ, सोलापूर
२ एप्रिल २०२४

श्री. रुद्रप्पाअण्णांना सिद्धेश्वरीचा नमस्कार.

अक्काचं पत्र आज आलं. १४ तारखेला डॉक्टरांकडे नेलं होतं तेव्हा आम्ही दिवसभर बरोबर होतो, पण ती पाटीला हात लावायला तयार नव्हती. गोळ्या सुरू आहेत ना? दुपारची ती विसरते.

पत्रात तीन ओळी आहेत. त्यांची नक्कल सोबत पाठवते. ‘ऊटा आतु’, जेवण झालं, एवढं मला कळलं आणि फार बरं वाटलं. खालच्या दोन ओळी कळत नाहीत. ‘ननग’ म्हणजे मला, इतकं आठवतं. पुढचे शब्द घरात कधी कानावर पडले असतील असं वाटत नाही. आमच्या आईला लिहिता वाचता येत नव्हतं, आणि मी शाळेत जायच्या आधीच अकलूजला गेले. इथं पेठेत कानडी बोलणारे पुष्कळ आहेत, कुणालाही विचारता आलं असतं. पण अक्काचं पत्र दुसऱ्याच्या हातात द्यायला जीव होत नाही. तुम्ही तिच्याजवळचे आहात.

तिला काही हवंय का? कुठं दुखतंय का? उलट टपाली अर्थ कळवा. तोवर मला काही सुचणार नाही.

आपली
सिद्धेश्वरी


मैंदर्गी
५ एप्रिल २०२४

सौ. सिद्धेश्वरीताईंना रुद्रप्पाचा नमस्कार.

गोळ्या चालू हायत. दुपारची मी स्वतः देतो.

दुखत बिखत काय न्हाय. त्या दोन ओळींचा अर्थ असा हाय. ‘मला अजून वाचायला येतंय. लवकर लिही.’

ताई, त्या तीन ओळींना अक्कांना चार दिस लागलं. मी हाताशी बसलो होतो, पण मला लिहू दिलं न्हाय. तुमचं मागचं पत्र उशाला असतंय. त्यातलं मराठी आता वाचत न्हायत, खालची ती एक ओळ तेवढी बोट ठेवून वाचत्यात. पोस्टमन यायच्या टायमाला गिरणीच्या पायरीवर येऊन बसत्यात. काल तो नुसताच पुढं गेला तर त्याच्यावर कानडीत लई ओरडल्या. त्याला काय कळणार, तो बार्शीकडचा हाय.

माझ्या मनात आलं, तुमचं येईस्तोवर आपणच दोन ओळी लिहून द्याव्यात. कानडीच, पण तुमच्यासारखी मराठी अक्षरात. लिहिल्या आणि सिद्धूचं पत्र म्हणून हातात दिल्या. अक्कांनी कागद बघितला, माझ्याकडे बघितलं, आणि घडी करून परत माझ्या हातात ठेवला. तुमचं अक्षर त्या वळखत्यात.

तवा तुमी असं करा. काय सांगायचं ते मला फोनवर मराठीत सांगा, मी कानडीत सांगतो, तुमी ते तुमच्या हातानं लिहून पाठवा. कितीबी लांबडं असू दे. मी गिरणी बंद ठेवून बसतो. दुकानात मालकांनी उचलला तरी चालंल. आजच करा.

आपला
रुद्रप्पा